पाटाच्या वर, पाटाच्या खाली

तर झालं असं. काही वर्षांपूर्वी कंपनीने मला आठ महिन्यांसाठी ब्रसेल्सला पाठवलं होतं. ऑनसाइट गेलेली मंडळी जे करतात तेच आम्हीही केलं. चार टाळकी जमवली, एक मोटरहोम भाड्याने घेतलं आणि एका लाँग वीकेंडला गेंट, ब्रुज, दामे अशी कालव्यांची गावं पालथी घातली. मोटरहोम म्हणजे गाडीतच ओटा, गाडीतच बेड आणि गाडीतच संडास. दिवसभर कालव्याच्या काठाने भटकायचं, संध्याकाळी ज्या गावात असू त्या गावची बिअर घ्यायची आणि रात्री कुकरला खिचडी लावायची.

आमच्या सोबत ऑफिसमधला एक बेल्जियन मित्र होता. ब्रुजच्या प्रत्येक पुलावर तो थांबायचा आणि हे पाणी इथे का आलं, कधी आलं, कुणी आणलं ते सांगायचा. दुसऱ्या दिवशी त्याने सहज विचारलं, "तुझ्या भागात कालवे आहेत का?"

म्हटलं, आहेत की! माझं आजोळ सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात. तिथे कृष्णा कालवा आहे. आम्ही त्याला पाट म्हणतो. मी त्याच्यातच पोहायला शिकलो.

"कधी खणला? कशासाठी?"

"ब्रिटिशांनी... बहुतेक." पुढे मला काही सांगता आलं नाही. परक्या गावच्या पाण्याची आठशे वर्षं मी दोन दिवसांत पाठ केली होती, आणि ज्या पाण्यावर माझ्या आईचं अख्खं माहेर जगलं त्याचं सालही मला माहीत नव्हतं. लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

म्हणून गेल्या डिसेंबरात मामाची जुनी ओम्नी काढली, मागच्या सीट काढून गादी टाकली, आणि मामा-भाच्यांनी दोन दिवस पाटाच्या काठाने प्रवास केला. त्याचीच ही गोष्ट. पण त्याआधी ब्रुजबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण त्याशिवाय आपला पाट वेगळा का आहे ते कळत नाही.

ब्रुज हे समुद्रापासून आत असलेलं गाव. इ. स. ११३४ मध्ये मोठं समुद्री वादळ झालं आणि किनाऱ्यात झ्विन नावाची एक खाडी आतपर्यंत घुसली. ब्रुजच्या लोकांनी त्या खाडीपर्यंत कालवा काढला आणि तोंडाशी दामे हे बंदर वसवलं. इंग्लंडची लोकर, फ्रान्सची वाइन, इटलीचे सावकार, सगळे त्या पाण्याने गावात आले. पुढची तीनेकशे वर्षं ब्रुज उत्तर युरोपातलं एक बडं बाजारपेठेचं गाव होतं. मग झ्विन गाळाने भरत गेली. इ. स. १५०० च्या आसपास व्यापाऱ्यांनी बाडबिस्तरा गुंडाळून अँटवर्प गाठलं. ब्रुज जे झोपलं ते थेट पर्यटकांनी उठवेपर्यंत. त्याची जुनी घरं टिकली याचं एक मोठं कारण हेच, की ती पाडून नवी बांधायला कुणाकडे पैसा नव्हता.

आणि बिअर? ब्रुजमध्ये ग्रूटहूस नावाचा एक भव्य वाडा आहे. मध्ययुगात तिथे बिअरमध्ये 'ग्रूट' नावाचं वनस्पतींचं मिश्रण घालत. ते विकायचा आणि त्यावर कर घ्यायचा हक्क एका घराण्याकडे होता. गावात जो कोणी बिअर गाळेल तो या घराण्याला पैसे देणार. त्या पैशातून वाडा उभा राहिला. आजही तिथे एक भारी प्रकार आहे. १८५६ पासून गावात असलेल्या 'द हाल्व मान' या ब्रुअरीने २०१६ मध्ये आपली बिअर गावाबाहेरच्या बाटल्या भरायच्या कारखान्यात न्यायला जमिनीखालून पाइपलाइन टाकली. तीन किलोमीटरहून लांब. जुन्या गल्ल्यांतून टँकर फिरवण्यापेक्षा हे बरं!

थोडक्यात, त्यांचा कालवा म्हणजे रस्ता. त्यावरून माल जातो. पाणी हे फक्त वाहन.

आपल्याकडे पाणी हाच माल. सगळा फरक इथे आहे.

*

शनिवारी पहाटे आम्ही कराड गाठलं. आधी प्रीतिसंगम. उत्तरेकडून कृष्णा येते, समोरून कोयना येते, दोघी जवळजवळ समोरासमोर भेटतात आणि हात धरून पूर्वेला वळतात. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. तिथल्या टपरीवर चहा मारला आणि संगमाच्या थोडं वर, कृष्णेवरच्या खोडशी गावी गेलो. इथेच पाटाचं मूळ आहे.

खोडशीचा बंधारा बघून पहिल्यांदा थोडी निराशा होते. धरण म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कोयना येतं. हा नदीच्या पात्रात आडवा घातलेला एक दगडी बंधारा. याचं काम पाणी साठवायचं नाहीच. फक्त नदीची पातळी थोडी उचलायची आणि पाण्याला डाव्या बाजूच्या दारांकडे वळवायचं. तिथून पाट निघतो. १८६० च्या दशकात हे काम झालं. म्हणजे १८५७ चं बंड होऊन जेमतेम दहा वर्षं झालेली, सातारचं राज्य खालसा होऊन वीस वर्षंही झाली नव्हती. दख्खनमध्ये इंग्रजांनी हाती घेतलेल्या पहिल्या काही कालव्यांपैकी हा एक.

आता यातली इंजिनिअरिंगची गंमत सांगतो. नदी उतारावरून वेगात खाली जाते. पाट मात्र मुद्दाम अगदी कमी उतारावरून नेतात, हजार-दोन हजार फुटांत एखादा फूट. त्यामुळे जसजसं पुढे जावं तसतशी नदी खाली खाली जाते आणि पाट डोंगराच्या कडेकडेने वरच राहतो. नदी आणि पाट यांच्यामध्ये जी जमीन सापडते ती सगळी फुकटात भिजते. पंप नको, वीज नको. नुसतं दार उघडायचं.

पण याचाच दुसरा अर्थ असा, की पाटाच्या वरच्या अंगाला वीतभर जमिनीलाही पाणी मिळत नाही. खाली रान हिरवंगार आणि वर कुसळं. नकाशावर कुणीतरी पेन्सिलने एक रेघ ओढली आणि त्या रेघेने पुढची दीडशे वर्षं ठरवून टाकली.

माझी आजी आटपाडी तालुक्यातली. लग्न होऊन पलूसच्या बाजूला आली. ती सांगायची, तिच्या वडिलांनी मुलगा बघितला नाही, घर बघितलं नाही. फक्त विचारलं, "रान पाटाच्या वर हाय का खाली?" खाली आहे म्हटल्यावर सुपारी फुटली. लहानपणी मला हा विनोद वाटायचा.

*

कराडपासून पाट आणि रेल्वे साधारण एकाच दिशेने जातात. पाटाच्या कडेचा रस्ता कुठे चांगला, कुठे नुसता गाडीवाट. ओम्नीला काय, ती कुठेही जाते. मोटरहोमला मात्र हे जमलं नसतं.

कराड स्टेशनजवळ ओगलेवाडी लागते. इथे १९१६ मध्ये ओगले बंधूंचा काचकारखाना सुरू झाला. आपल्या आजोबांच्या पिढीच्या घरात जो 'प्रभाकर' कंदील असायचा, तो इथला. पुढे शेणोली. आज कुणी उतरत नाही असं छोटं स्टेशन, पण ७ जून १९४३ ला इथे प्रतिसरकारच्या तुफान सेनेने सरकारी पगाराची गाडी अडवून खजिना लुटला. आणि त्याच्या पुढे कुंडल, या प्रतिसरकारची एका अर्थाने राजधानी. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी ही सगळी या पट्ट्यातली माणसं. १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यातल्या (तेव्हा सांगलीचा हा भाग साताऱ्यातच होता) शेकडो गावांत इंग्रजांचं राज्य नावापुरतं उरलं होतं. या लोकांनी न्यायनिवाडे केले, सावकारांना वठणीवर आणलं, कमी खर्चात लग्नं लावली आणि गावोगावी दारूबंदी केली. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कुंडलच्या माळावरच किर्लोस्करवाडी. औंधच्या राजेसाहेबांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा दिली आणि १९१० मध्ये निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा राहिला. आधी लोखंडी नांगर. तो विकायला फार त्रास पडला, कारण लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज. मग ऊस गाळायचे चरक, मग पंप. पाट आणि नदी खाली होते, रान वर होतं आणि मध्ये पंपाची जागा मोकळी होती. तो पंप बनवणारा कारखाना नेमका या रेघेच्या शेजारी उभा राहावा, हा योगायोग मला फार आवडला.

दुपारी एका गुऱ्हाळावर थांबलो. ब्रुजमध्ये संध्याकाळी बिअर, तसा इथे दुपारी रस. ताजा रस, आलं-लिंबू मारलेला, आणि वर काकवी चाखायला. आमच्यासारखंच सावलीला टेकलेलं एक म्हातारं माणूस होतं. बोलण्यात कळलं की ते पूर्वी पाटकरी होते. पाटकरी म्हणजे पाटाच्या दारांवरचा माणूस. कुणाला कधी पाणी सोडायचं हे त्याच्या हातात.

"कुठनं आलासा पावनं?"

"पुण्याहून. पाट बघायला आलोय, काका."

"पाट?" ते हसले. "पाटात काय बघायचं? पाणी येतं आन् जातं."

मग हळूहळू खुलले. पाळी कशी चालते, रात्री दोन वाजता कंदील घेऊन दारं धरायला लोक कसे बसतात, चारीच्या शेवटच्या टोकाच्या माणसाला पाणी पोचेपर्यंत वरचे कसं मध्येच फोडून घेतात. "भांडणं सगळी शेपटाला," ते म्हणाले. "तोंडाशी बसल्याला कशाची भांडणं!"

*

आता उसाकडे येऊ. दख्खनच्या सुरुवातीच्या कालव्यांबद्दल इंग्रजांची एक कायमची तक्रार होती, की शेतकरी पाणीच घेत नाही. काळ्या रानात ज्वारी पावसावर आणि ओलीवर येत होती. त्याला पाणी द्या, वर पाणीपट्टी भरा, हे कुणी सांगितलंय? दुष्काळ पडला की सगळे दाराशी, पाऊस झाला की कुणी नाही. पाण्याला बारमाही गिऱ्हाईक हवं होतं. ते गिऱ्हाईक म्हणजे ऊस.

स्वातंत्र्यानंतर सहकारी साखर कारखाने आले आणि चित्र पालटलं. १९५० च्या दशकात वसंतदादा पाटलांनी सांगलीत कारखाना काढला. हेच वसंतदादा २४ जुलै १९४३ ला सांगलीचा तुरुंग फोडून पळाले होते आणि खांद्यात गोळी लागून पुन्हा पकडले गेले होते. वाळव्यात नागनाथअण्णांनी कारखाना काढला. कुंडलच्या कारखान्याला जी. डी. बापूंचं नाव आहे. म्हणजे बघा, ज्या पिढीने सरकारी खजिना लुटला त्याच पिढीने कारखान्यांच्या चिमण्या उभारल्या. कारखान्याच्या मागोमाग शाळा, कॉलेजं, दवाखाने, बँका आल्या. आमच्या आईचं इंजिनिअरिंग नाही, पण तिच्या भावाचं झालं ते याच पैशातून. मीही एका अर्थाने त्याच उसाचं पीक आहे.

आणि सत्तासुद्धा. ब्रुजला बिअरवरच्या कराने वाडा बांधला, आपल्याकडे उसाने आमदारक्या बांधल्या. ग्रूटहूसच्या वाड्यासमोर उभा असताना हे मला सुचलं नव्हतं. चिमणीखाली उसाच्या बैलगाड्यांची रांग बघताना सुचलं.

बरं, इथलं 'लोकल' पेय कोणतं? रस आहेच. द्राक्षं तर काय, तासगावचा बेदाणा देशभर जातो. २००१ मध्ये राज्य सरकारने वाइनसाठी वेगळं धोरण आणलं तेव्हा दोन वाइन पार्क ठरले. एक नाशिकजवळ विंचूरला आणि एक आमच्या पलूसला. नाशिकने नाव काढलं, पलूसला ते काही जमलं नाही. मामाचं मत, "आपल्याकडं द्राक्ष वाळवून खात्यात, गाळून न्हाई."

पण खरं उत्तर मळीत आहे. साखर काढल्यावर जो काळा चिकट पाक उरतो ती मळी. एक टन उसातून साधारण चाळीस-पंचेचाळीस किलो मळी निघते आणि त्यातून दहा लिटरच्या आसपास अल्कोहोल होतं. राज्यातल्या कित्येक साखर कारखान्यांना लागून डिस्टिलरी आहे. तिथून निघणाऱ्या स्पिरिटचं देशी दारूत काय होतं ते गावागावात दिसतं. प्रतिसरकारने जिथे दारूबंदी केली त्याच मुलखात पुढे मळीपासून दारू गाळली गेली. नाना पाटलांना काय वाटलं असतं कोण जाणे.

आता त्यातला मोठा भाग पेट्रोलमध्ये जातो. २०२५ पर्यंत आपल्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलं जाऊ लागलं. सगळं उसाचं नसतं, धान्याचंही असतं, पण हिशोब तोच. म्हणजे आमच्या दोघांपैकी कुणी थेंब घेतला नाही, पण ओम्नीने मात्र दोन दिवस इथली लोकल प्यायली. :)

*

मुक्काम सांगलीत. रात्री आयर्विन पुलावर गेलो. हा १९२९ चा, सांगली संस्थानच्या काळातला, व्हाइसरॉय आयर्विनच्या नावाचा पूल. पावसाळ्यात अख्ख्या सांगलीचं लक्ष या पुलाजवळच्या पाणीपातळीकडे असतं. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. २००५ मध्ये पाणी चोपन्न फुटांच्या आसपास गेलं, २०१९ मध्ये सत्तावन्नच्या वर. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरला हळद साठवायची पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खणलेली मोठी खोल कोठी. तिच्यात हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. २००५ च्या पुरात बरीच पेवं पाण्याखाली गेली आणि तो धंदा खचला. ऑगस्ट २०१९ मध्ये तर पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढताना बोट उलटली आणि माणसं गेली. मामाच्या ओळखीचे लोक होते. तो त्याबद्दल फार बोलत नाही.

ब्रह्मनाळला येरळा नदी कृष्णेला मिळते. ही येरळा दुष्काळी खटाव-खानापूर भागातून येते आणि वर्षातला बराच काळ तिच्यात वाळूच असते. त्या रात्री गादीवर पडल्या पडल्या नकाशा बघत होतो. कृष्णेच्या उगमाशी, महाबळेश्वरला, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. आटपाडीला पाचशेसुद्धा नाही. आणि मधलं अंतर एका दिवसाच्या ड्रायव्हिंगचं.

*

रविवारी तासगावहून विट्याला आणि पुढे आटपाडीला निघालो. म्हणजे रेघ ओलांडून वरच्या अंगाला.

पाणी नसलेल्या मुलखाने काय केलं? माणसं बाहेर पाठवली. आजीचे दोन भाऊ तमिळनाडूत गेले, गलाईच्या धंद्यात. हा धंदा शहरातल्या लोकांना माहीत नसतो. सराफाकडचं जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम म्हणजे गलाई. केरळपासून काश्मीरपर्यंत जवळपास प्रत्येक सराफ बाजारात एखादा मराठी गलाईवाला सापडतो आणि तो बहुतेक वेळा खानापूर, आटपाडी, तासगाव या भागातलाच असतो. ब्रुजची खाडी आटली तेव्हा व्यापारी अँटवर्पला गेले. इथे तर पाणी कधी आलंच नव्हतं, म्हणून सगळ्या देशात गेले.

बाकीचे मुंबईच्या गिरण्यांत. १९८२ च्या संपाने गिरण्या बंद पडल्या आणि ही माणसं गावी परतली, तर गावी दुष्काळ. त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. डॉ. भारत पाटणकर आणि मंडळींनी सरकारला विचारलं, की येरळेतली वाळू ठेकेदार उपसून नेतात, त्याचा आम्हाला काय उपयोग? आम्ही थोडी वाळू विकतो आणि त्या पैशातून आमचं धरण बांधतो. खानापूर तालुक्यातल्या बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी खरोखर बळीराजा धरण बांधलं. धरण छोटंच, पण त्याचा नियम मोठा. पाणी जमिनीच्या एकरावर नाही, माणसावर वाटायचं. ज्याला जमीन नाही त्यालासुद्धा वाटा.

पुढे १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरायला लागल्या. त्या भरवणाऱ्यांत पुढे होते ते नागनाथअण्णा. अण्णा वाळव्याचे, म्हणजे भरपूर पाण्याच्या गावचे. स्वतःच्या गावाला पाणी असताना दुसऱ्याच्या पाण्यासाठी वीस वर्षं भांडत राहिले, २०१२ मध्ये जाईपर्यंत.

या सगळ्याला एक घड्याळही लागलं होतं. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला कृष्णेचं ५६० टीएमसी पाणी दिलं होतं आणि ३१ मे २००० नंतर या वाटपाचा फेरविचार होऊ शकत होता. वापरलं नाही तर पुढे हक्क सांगणार कशाच्या जोरावर? म्हणून १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं, रोखे काढून पैसा उभा केला आणि ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांना जोर आला. यातलं टेंभू म्हणजे कराडच्या खालच्या अंगाला असलेलं, गोपाळ गणेश आगरकरांचं जन्मगाव. खोडशी संगमाच्या वर, टेंभू संगमाच्या खाली. त्यामुळे टेंभूला कोयनेचं पाणीही मिळतं. तिथून पाच टप्प्यांत पाणी उचलत आटपाडी, सांगोल्यापर्यंत नेलंय. पेन्सिलची जुनी रेघ शेवटी पंपांनी पुसली.

इथे मला बेल्जियमची पुन्हा आठवण आली. आमच्या ट्रिपच्या शेवटच्या दिवशी आम्ही स्ट्रेपी-ट्यू नावाच्या ठिकाणी बोटींची लिफ्ट बघितली. २००२ ची. त्र्याहत्तर मीटर उंच. एका अवाढव्य हौदात बोट शिरते आणि हौद बोटीसकट वर जातो. गंमत अशी, की बोट आपल्या वजनाइतकं पाणी बाहेर सारते, त्यामुळे हौदात बोट असो वा नसो, वजन तेवढंच. समोर तेवढ्याच वजनाचे ठोकळे टांगलेले. मोटरला फक्त घर्षणाशी भांडायचं असतं.

आपल्याकडे ती सोय नाही. इथे पाणी हाच माल, आणि त्याच्या समोर कोणतंही वजन टांगलेलं नाही. वर गेलेलं पाणी खाली येत नाही, ते रानात मुरतं. रविवारी झाडाखाली बसून मोबाईलवर हिशोब केला. एक घनमीटर पाणी समजा ३०० मीटर उचललं आणि पंपांची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर सव्वा युनिटच्या आसपास वीज लागते. एक एकर उसाला पाटाने पाणी द्यायचं तर वर्षात दोन मीटर उंचीचं पाणी धरा, म्हणजे आठ हजार घनमीटर. झाली साडेनऊ हजार युनिट वीज. एका एकराला! पुण्यातल्या आमच्या फ्लॅटला चार वर्षांत तेवढी लागते. तेच पाणी बंद पाइपातून आणि ठिबकने डाळिंबाला दिलं तर त्याच्या काही अंशात भागतं. म्हणून आटपाडीत बंद पाइपाने आणि समान वाटपाने पाणी द्या, ही जी मागणी होती ती नुसती भावनिक नव्हती. ते साधं गणित होतं.

आजीच्या माहेरी पोचलो तेव्हा चार वाजले होते. तिचा भाचा भेटला, तोही तमिळनाडूत वीस वर्षं काढून परत आलेला. पाणी आलं म्हणून आला. त्याने डाळिंबं फोडून ताटात दिली आणि मग रान दाखवायला नेलं. बाग छान होती. बांधापलीकडे नवीन लावण दिसली. उसाची.

"तुम्ही पण?" मी विचारलं.

"शेजाऱ्याची हाय," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "पर पुढल्या साली मीबी लावंन म्हणतो. कारखाना नेतो, पैसं ठरल्यालं. डाळिंबाला तेल्या आला की गेलं सगळं."

त्याला काय सांगणार होतो मी? ज्याच्या आईचं शिक्षण नाही, पण मामाचं झालं, ते उसावरच. पाटाखालच्यांनी शंभर वर्षं ऊस लावायचा आणि वरच्याला पाणी मिळालं की त्याला ठिबकवर प्रवचन द्यायचं, हे बरोबर नाही. आणि तरी गणित गणितच आहे. सगळ्यांनी ऊस लावला तर पाइपाच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचणार नाही. रेघ पुसली जाणार नाही, फक्त थोडी पुढे सरकेल आणि तिच्यापलीकडे आणखी कुणाचं तरी गाव असेल. पाटकरी काका बोलले होते तेच. भांडणं सगळी शेपटाला.

परत येताना मामा बराच वेळ गप्प होता. विट्याच्या पुढे एकदम म्हणाला, "तुझी आजी पहिल्यांदा आमच्या घरी आली न्हवं, तवा पाटात पाय सोडून दिवसभर बसली हुती म्हनं. लोकं हसली तिला."

बेल्जियन मित्राला मी मेल लिहिलाय. कधी खणला, कशासाठी, सगळं सविस्तर. शेवटी आजीची ही गोष्टही लिहिली. त्याचं उलट टपाली उत्तर आलं, की पुढच्या हिवाळ्यात तो येतोय आणि त्याला ओम्नीत झोपायचंय. मामाने गादी अजून काढलेली नाही.